उभी असली की थरथरते, निघाली की गप्प

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पारोळ्याहून एका सरांनी विचारलंय. गाडी 2003 सालची, चार सिलिंडरची, पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर पेट्रोल फवारतो). 1,38,000 किलोमीटर झालेत. मधली सात-आठ वर्षं एलपीजी किटवर चालली, दोन वर्षांपूर्वी किट काढून टाकलं. सकाळी सुरू केली की छान चालते. एरंडोल ओलांडून जळगावात शिरेपर्यंत काही तक्रार नाही. पण आकाशवाणी चौकात थांबलं की इंजिन थरथरतं, स्टिअरिंग हातात नाचतं, आणि एसी लावला तर आता बंद पडते की काय असं होतं. गिअर टाकून निघालं की जणू काही झालंच नाही. आतापर्यंत प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, कॉइल बदलली, इंजेक्टर साफ करून आणले. आता मेकॅनिक म्हणतोय की ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला. शेवटी सरांनी एक ओळ लिहिली आहे: 'इंजिन मात्र एकदम सायलेंट आहे, टॅपेटसुद्धा वाजत नाहीत.'

सर, ही ओळ तुम्ही कौतुकानं लिहिलीत. मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. का, ते पुढे येईल. आधी ईसीएमचं बोलू, कारण तिथं तुमचे पैसे जाणार आहेत.

ईसीएम बदलू नका. ईसीएम खराब होतच नाही असं नाही. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली, कोणी बॅटरीच्या वायरी उलट्या लावल्या, बॅटरीची वायर न काढता बॉडीला वेल्डिंग केलं, अशा गाड्यांचे ईसीएम मी बदललेत. पण गाडी सकाळी नीट, तापल्यावर बिघडते, आणि रेस दिली की पुन्हा नीट, एवढ्यावरून 'ईसीएम' म्हणणं म्हणजे बाकी सगळं बदलून झालं आणि आता उरलं काय, तर हेच, असा हिशोब आहे. एकेक पार्ट बदलत गेलं तर कधीतरी बरोबर पार्टावर हात पडतोच, पण खर्च सगळ्यांचा तुमच्याकडून.

आता मूळ गोष्ट. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, इंजिनात जोर सगळ्यात कमी असतो. थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद, हवा थोडी, पेट्रोल थोडं. इंजिन स्वतःला कसंबसं फिरवत असतं. म्हणून जो दोष साठच्या स्पीडला कळतसुद्धा नाही तो चौकात उभं राहिलं की उघडा पडतो. समजा इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या, पाइपला बारीक भेग आहे आणि तिच्यातून थोडी फालतू हवा आत जाते. आयडलिंगला आत जाणारी एकूण हवाच मूठभर, त्यात ही चिमूटभर फार झाली. हायवेला हवा पोत्यानं जाते, तिथं चिमूट कोण मोजतो? म्हणून 'पळताना नीट आहे म्हणजे इंजिन चांगलं आहे' हे खरं नाही. पळताना इंजिन दोष झाकून नेतं.

याच्याच उलट बाजूनं एक गोष्ट निघते. पेट्रोल पंप अशक्त झाला किंवा फिल्टर चोंदला तर गाडी आधी चढावर, ओव्हरटेक करताना, कन्नडच्या घाटात मान टाकते, कारण तिथं पेट्रोल जास्त लागतं. फक्त उभं असताना थरथरणाऱ्या गाडीचा पंप बदलायला कोणी सांगितलं तर त्याला हात जोडा. हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, चूक करून शिकलोय. चाळीसगावच्या एका गिऱ्हाईकाला मी स्वतः पंप बदलायला लावला होता. नवा पंप बसला, गाडी तशीच. दोन दिवसांनी सापडलं की ब्रेक बूस्टरला (ब्रेक दाबायला जोर देणारा डबा) जाणारी व्हॅक्यूमची नळी टोकाला चिरली होती. कापून दोन इंच आखूड करून परत बसवली आणि काम झालं. पंपाचे पैसे मी परत दिले, पण तो माणूस पुन्हा आला नाही.

तर, पाना उचलायच्या आधी ऐकायचं. इंजिन तापलेलं, गाडी न्यूट्रलला, एसी बंद, हँडब्रेक ओढलेला. बोनेट उघडा आणि एवढंच ठरवा की हे थरथरणं तालात आहे की बेताल.

चार जणांनी पालखी खांद्यावर घेतली आणि एकानं खांदा काढला, तर पालखी दर पावलाला त्याच बाजूला झुकते. एका सिलिंडरनं काम सोडलं की अगदी तसंच होतं. साधारण 800 आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला 400 वेळा पेटतो. त्यातला एक पेटलाच नाही, तर मिनिटाला 400 धक्के, म्हणजे सेकंदाला सहा-सात. हे हाताला मोजता येत नाहीत, पण ताल कळतो: धड-धड-धड, एकसारखी. यालाच आपण 'मिसिंग मारते' म्हणतो. याउलट आरपीएम आपोआप वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो, असं असेल तर सगळ्या सिलिंडरांचं सामाईक काहीतरी बिघडलंय, बहुतेक हवेचं. आणि तिसरा प्रकार: ना ताल, ना वर-खाली, नुसतं खाली बसलेलं, दमलेलं आयडलिंग. तिथं बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीत काजळी भरलेली असते.

दुसरी तपासणी फुकटातली आहे. वहीचा कागद घ्या, सायलेन्सरच्या तोंडापुढे दोन-तीन बोटं अंतरावर धरा. चांगल्या इंजिनाचा कागद एकसारखा फडफडत बाहेर ढकलला जातो. मिसिंग असेल तर मधेच एक फुसका झोत येतो. आणि कागद मधेमधे सायलेन्सरकडे परत ओढला जात असेल, तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, नीट मिटत नाही असा संशय घ्यायचा. आमचे वस्ताद हे रुमालानं बघायचे. त्यांच्याकडे स्कॅनर नव्हता, आणि खरं सांगू का, तुमच्या गाडीला तो फारसा उपयोगी पडणारही नाही. आपल्याकडे ओबीडीची (गाडीनं स्वतःचे दोष स्वतः नोंदवायची सोय) सक्ती 2010 नंतर टप्प्याटप्प्यानं आली, पूर्ण ओबीडी-दोन 2013 पासून. 2003 च्या गाडीला बाजारातला ब्लूटूथवाला स्वस्त स्कॅनर बोलेलच असं नाही. कंपनीचा स्कॅनर लागतो आणि तोही 'वायरिंगमध्ये काही तुटलंय' एवढंच सांगतो. व्हॉल्व्ह मिटतोय की नाही ते त्याला दिसत नाही.

आता समजा ताल आहे. तुमच्या लिहिण्यावरून मला तसंच वाटतंय. मग कोणता सिलिंडर ते शोधा. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना आम्ही चालू इंजिनावर एकेक प्लग टॉप (प्लगवरची वायरीची टोपी) उपसायचो. तुमच्या गाडीला ते करू नका. स्पार्कला वाट मिळाली नाही की कॉइलवर ताण येतो, आणि न पेटलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा. क्लिप दाबा, एक कनेक्टर सोडवा, ऐका, परत बसवा, मग पुढचा. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढला की इंजिन लगेच जास्त लंगडायला लागेल. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तोच आळशी. हे करताना गळ्यातला रुमाल काढून ठेवा. रेडिएटरचा फॅन न सांगता सुरू होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात तर तो थांबतच नाही.

आळशी सिलिंडर सापडला की तुमच्या गाडीत तीन संशयित आहेत, आणि तिन्ही त्या एलपीजी किटच्या काळातले. किटच वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. नीट बसवलेलं, वेळच्या वेळी बघितलेलं किट मी चार-चार लाख किलोमीटर चाललेलं पाहिलंय. पण किट बसवणारा आणि काढणारा हे दोन वेगळे कारागीर असतात, आणि काढणाऱ्याला घाई असते.

पहिला संशयित इंजेक्टरची वायर. एमपीएफआय गाडी गॅसवर चालताना इंजेक्टर बंद ठेवावे लागतात. त्यासाठी इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये एक इम्युलेटर (इंजेक्टर चालूच आहेत असं ईसीएमला भासवणारा डबा) जोडतात. किट काढताना त्या कापलेल्या वायरी पिळून परत जोडल्या जातात आणि वरून टेप. सोल्डर क्वचितच करतात. दोन वर्षांत तांबं काळं पडतं, इंजिन तापलं की टेपचा डिंक वितळतो, जोड सैल पडतो. थंड असताना नीट, गरम झाल्यावर मिसिंग. तुमचीच लक्षणं. तपासायला लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजेक्टरवर, मूठ कानाला. टक-टक-टक असा स्वच्छ आवाज यायला पाहिजे. चारांपैकी एकाचा येत नसेल किंवा मधेच तुटत असेल तर वायरीवर काम करा. जुने जोड कापून टाका, सोल्डर करा, वर उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह चढवा. शंभर-दोनशे रुपयांत विषय संपेल. संपला तर पेढे द्या.

दुसरा, बुजवलेली भोकं. मिक्सर, व्हॅक्यूमची टी, नोझल, यातल्या कशासाठी ना कशासाठी इनटेकला भोक पाडलेलं असतं. किट काढल्यावर तिथं स्क्रू ठोकून वरून पुटी लावतात. पुटी उन्हानं तडकते. इथं एक बारकावा आहे जो बरेच जण गोंधळतात. तुमच्या गाडीत हवा मोजायला एअर फ्लो सेन्सर नसून मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) असेल, जसा त्या काळच्या आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत होता, तर बाहेरची हवा थ्रॉटलच्या पुढे कुठूनही सामाईक जागी शिरली तरी मॅप सेन्सरला दाब वाढलेला दिसतो आणि ईसीएम त्या हिशोबानं पेट्रोलही वाढवतो. परिणाम काय, तर इंजिन थरथरण्याऐवजी आरपीएम उंच राहतो किंवा वर-खाली होतो. पण गळती एकाच सिलिंडरच्या नळीपाशी असेल, इंजेक्टरच्या रबर सीलपाशी किंवा मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटपाशी, तर फालतू हवा एकट्या त्यालाच मिळते आणि तेवढा एकच उपाशी राहतो. म्हणून ताल असेल तर गळती त्या सिलिंडरच्या शेजारीच शोधा, सगळ्या गाडीभर फिरू नका.

गळती शोधायला बरेच जण चालू इंजिनावर कार्ब क्लीनर मारतात आणि आरपीएम बदलतो का ते बघतात. चालतं, पण गरम एक्झॉस्टवर थेंब उडाला तर भडका होतो. मी असा भडका पाहिलाय. भिवया जळाल्या, जास्त काही नाही, पण त्या दिवसापासून आमच्याकडे पाण्याचा फवारा वापरतात, न्हाव्याकडे असतो तसला. कॉइल आणि प्लगच्या वायरींपासून लांब ठेवून मॅनिफोल्डच्या जोडावर बारीक फवारा मारायचा. पाणी भेगेत शिरलं की दोन सेकंद हवा अडते आणि आवाज बदलतो. रबरी नळ्या पक्कडीला कापड गुंडाळून एकेक दाबायच्या. दाबल्यावर इंजिन सुधारलं तर त्या नळीच्या पुढे काहीतरी फुटलंय. ब्रेक बूस्टर बघायला आधी इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि सेल्फ मारा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोचतोय. आणि उभ्या गाडीत ब्रेक दाबून धरल्यावर आयडलिंग बिघडत असेल तर बूस्टरचा पडदा फाटलाय. सर, तुम्ही चौकात थांबता तेव्हा पाय ब्रेकवरच असतो. घरी उभी करून, ब्रेक न दाबताही ती तशीच हलते का, ते एकदा बघा. हा प्रश्न कोणी विचारत नाही.

नळ्यांचा आणखी एक शत्रू म्हणजे उंदीर. कापूस वेचून झाला, रानं मोकळी झाली की उंदीर खळ्याकडे, गोठ्याकडे येतात आणि रात्री कोमट इंजिनावर झोपतात. सकाळी नळीला दाताचे ठसे. एकदा यावलकडच्या एका केळीवाल्याची गाडी आली, दोन गॅरेज फिरून. त्यानं अहिराणीत एका ओळीत रोग सांगितला: 'भाऊ, उभी ऱ्हायनी की हालस, चालाले लागनी की गुपचूप.' पीसीव्हीची नळी (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) खालच्या बाजूनं कुरतडलेली होती. वरून अख्खी दिसायची. बोट खाली फिरवलं तेव्हा कळलं. नळी नेहमी बोटानं तपासा.

आता तिसरा संशयित. माझं बोट याच्याकडेच आहे.

टॅपेट वाजतो म्हणजे काय? रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्हच्या देठामध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. थंड इंजिनावर मिलिमीटरचा सहावा-सातवा हिस्सा, एक्झॉस्टला थोडी जास्त. व्हॉल्व्ह तापला की लांब होतो, ती वाढ मावायला ही जागा. फट जास्त झाली की टक-टक ऐकू येतं आणि माणूस धावत गॅरेजला येतो. फट संपली की काहीच ऐकू येत नाही, आणि माणूस खूश असतो. गॅसवर चाललेल्या जुन्या गाडीत मात्र वाजणारा टॅपेट परवडतो, गप्प बसलेला परवडत नाही.

कारण असं. पेट्रोल थेंबांच्या रूपात आत येतं, वाफ होताना थोडी उष्णता ओढून घेतं. एलपीजी आधीच वायू होऊन येतो, कोरडा. वर्षानुवर्षं त्यावर चाललं आणि व्हॉल्व्हची सीट, म्हणजे मिटताना तो टेकतो ती कड, त्या कामाला पुरेशी कडक नसली की व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो. खाली तो जेवढा रुततो तेवढंच त्याचं देठ वर सरकतं, रॉकरकडे. म्हणजे फट वर्षागणिक आपोआप कमी होते. कोणी टॅपेट सेट केले नाहीत तर एक दिवस ती गरम इंजिनावर शून्य होते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. थंड असताना मिटतो, म्हणून सकाळी गाडी छान. वीस-पंचवीस किलोमीटर तापली की केसाएवढा उघडा राहतो. आयडलिंगला पिस्टन सावकाश वर येतो, दाब त्या फटीतून निसटायला भरपूर वेळ मिळतो, सिलिंडर धड पेटत नाही. रेस दिली की निसटायला वेळच नसतो, म्हणून पुन्हा सुरळीत. सर, सकाळी ठीक, तापल्यावर थरथर, निघाल्यावर ठीक, टॅपेट मुके, एलपीजीची सात वर्षं: पाचही गोष्टी एकाच दिशेला जातात.

आणि हे काम पुढे ढकलायचं नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्वतःची उष्णता सीटला टेकून बाहेर टाकतो. टेकलाच नाही तर ती जाणार कुठं? कड जळायला लागते. आज नुसतं टॅपेट सेट करून भागेल, सहा महिन्यांनी हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, खाली उतरवावं लागेल.

तपासणी दोन टप्प्यांची. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, आणि ते गरम इंजिनावर, कारण रोग गरम असतानाचा आहे. बऱ्याच ठिकाणी गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंडच मोजतात आणि 'कॉम्प्रेशन ओके' म्हणून सांगतात. जळगावला चकरा मारून या, आणि लगेच मोजायला लावा. चारही प्लग काढलेले, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सोडलेले, बॅटरी भरलेली, एक्सलरेटर पूर्ण दाबून धरलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे सारखेच फेरे, पाच-सहा. या इंजिनांत चांगला आकडा साधारण 150 ते 180 पीएसआयमध्ये येतो. पण मी आकड्यापेक्षा फरक बघतो. तीन सिलिंडर 160 च्या आसपास आणि एक 110, तर उत्तर मिळालं. चारही 135, तर इंजिन म्हातारं आहे, पण थरथरण्याचं कारण दुसरीकडे असेल. जो कमी आहे त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा बराच वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा.

व्हॅक्यूम गेज असलेला मेकॅनिक मिळाला तर अजून सोपं. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलिंगला 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवतं, आणि दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच उतरतं. जळगाव समुद्रसपाटीपासून सातशे फुटांच्या आतबाहेर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाऊण इंच कमी धरा. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा स्पार्कचं टायमिंग मागे. काटा ठरावीक तालात खाली झटका मारून परत येत असेल तर तो एकच व्हॉल्व्ह.

दुसरा टप्पा फीलर गेजचा (ठरावीक जाडीच्या पातळ पत्त्या), आणि तो मात्र पूर्ण थंड इंजिनावर, गाडी रात्रभर उभी. टॅपेट कव्हर काढायचं, सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपला आणायचा, आणि पत्ती आत सरकवायची. ज्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आलं त्याच्या एक्झॉस्टला सगळ्यात पातळ पत्तीही जात नाही, असं सापडेल असा माझा अंदाज आहे. फट किती ठेवायची हे तुमच्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावरूनच करा. मेकॅनिकच्या 'अंदाजे बरोबर आहे' वर जाऊ नका. बोटाला पत्ती किंचित अडकल्यासारखी वाटली पाहिजे. नट आवळल्यावर परत एकदा पत्ती घालून बघायला लावा, कारण आवळताना स्क्रू फिरतो आणि सेटिंग जातं. कव्हरचं गॅस्केट नवं घ्या, जुनं परत बसवलं की ऑइल प्लगच्या खड्ड्यात उतरतं आणि नवीच मिसिंग सुरू होते. सेट झाल्यावर टॅपेट थोडे वाजतील. वाजू द्या. आणि प्लग-वायरी बदलताना जुन्या फेकल्या नसतील तर जपून ठेवा. त्या बहुतेक चांगल्याच होत्या.

आता बाकीच्यांसाठी, ज्यांच्या गाडीला कधी गॅस किट नव्हतं.

आरपीएम वर-खाली होत असेल किंवा एसी लावल्यावर इंजिन खाली बसत असेल, तर थ्रॉटल बॉडी आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह साफ करून घ्या. आपल्याकडची धूळ काळ्या रानातली, पिठासारखी बारीक. त्यात जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू. एअर फिल्टर कंपनी सांगते त्याच्या निम्म्या किलोमीटरला बघत जा. काजळी क्लीनर आणि मऊ कापडानं पुसायची, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायची नाही. साफ केल्यावर आयडलिंग दोन-तीन दिवस वर राहिलं तर घाबरू नका, ईसीएम पुन्हा जुळवून घेतो. एक मात्र कोणाला करू देऊ नका: थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूला पाना लावून आयडलिंग वाढवणं. त्यानं थरथर लपते, दोष तिथंच राहतो, आणि पुढच्या मेकॅनिकला काहीच ताळमेळ लागत नाही.

एकच गाडी दोन माणसांना वेगळी वाटते, त्याचं कारण बऱ्याचदा फाउंडेशन असतं, म्हणजे इंजिनाचे रबरी माउंट. बोनेट उघडून बघा, इंजिन शांत आहे आणि डॅशबोर्ड मात्र हलतोय, तर इंजिनाला हात लावू नका, रबर बसलंय. तीन सिलिंडरच्या गाड्यांना, जुनी मारुती 800 धरून, थोडं हलणं जन्मजात असतं. ते शून्य करायच्या मागे लागू नका.

कार्बोरेटरवाले अजून कोणी उरले असतील तर त्यांचा विषय वेगळाच आहे. भुसावळच्या पंचेचाळीस डिग्रीत उभ्या गाडीत पेट्रोल पाइपातच उकळतं. पूर्वी फियाट-अँबेसिडरवाले पंपावर ओलं फडकं टाकून पाच मिनिटं सावलीत थांबायचे, ते बरोबरच होतं. आता 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं त्यांची अडचण वाढली आहे. इथेनॉलला पेटायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं ठरावीक भोक) मिक्स्चर पातळ पडतं. एमपीएफआय गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या जिवावर काही प्रमाणात सांभाळून घेते, कार्बोरेटरला ते कळत नाही. जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ पडतात, त्या बदला. आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं.

सर, परत तुमच्याकडे. टॅपेट सेट करून पुन्हा गरम कॉम्प्रेशन घ्या. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आले तर झालं, पुढच्या 10,000 किलोमीटरला फक्त पत्ती घालून बघा की फट परत कमी होतेय का. तो एक सिलिंडर तसाच मागे राहिला तर व्हॉल्व्ह जळलाय, हेड उतरवावं लागेल. ईसीएमसाठी काढून ठेवलेले पैसे तिथं लागतील. हेडवाल्याला नुसतं व्हॉल्व्ह घासून द्यायला सांगू नका. एक्झॉस्टच्या सीटा किती खोल गेल्यात ते विचारा, आणि बदलायच्या असतील तर चारही बदला. हेड प्लेन करायच्या आधी वाकलंय का ते पट्टी लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा.

तोवर एसी चौकात बंद ठेवा, लांबचा प्रवास टाळा, आणि पुलीच्या बाजूनं एक, दोन, तीन, चार असे कॉम्प्रेशनचे चार आकडे कागदावर लिहून कळवा. थंड इंजिनावरचे असतील तर पाठवू नका.